पैलवान पोरीची पहिली स्पॉन्सरशिप: करारापासून ‘जाहिरात’ पट्टीपर्यंत

पैलवानाच्या घरात खुराकाचा खर्च काय असतो हे विचारायला नको. दूध, तूप, बदाम, अंडी, मटण, आणि वर स्पर्धेच्या गावाला जायचं-यायचं भाडं. आमच्या दावणीला म्हशी आहेत म्हणून दुधाचं निभावतं, बाकी सगळं अण्णांच्या उसाच्या बिलावर. त्यामुळे राज्य स्पर्धेत पदक मिळाल्यावर एका प्रोटीन पावडरच्या कंपनीचा इन्स्टाग्रामवर मेसेज आला तेव्हा घरात सगळेच खूश झाले. दरमहा पावडरचे डबे, ठरावीक मानधन, आणि त्याबदल्यात मी रील्स आणि स्टोऱ्या टाकायच्या.

पैसे घेण्यात मला कमीपणा वाटला नाही, आजही वाटत नाही. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना १९५२ साली हेलसिंकी ऑलिम्पिकला जाता यावं म्हणून राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले होते. आमच्या भागात ही गोष्ट तालमीत पाऊल ठेवलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक असते. पैलवानाच्या पाठीशी कुणीतरी उभं राहावंच लागतं. मात्र तेव्हा पाठीशी कोण उभं आहे हे सगळ्या गावाला माहीत असायचं. मोबाईलवर ते दिसत नाही. आपण सांगितलं तरच कळतं.

आणि सांगायचं कुणाला, तर आमच्या तालमीतल्या लहान पोरींना. त्या माझ्यासारख्या दोन घट्ट वेण्या घालतात, माझ्यासारखे बूट बांधतात, मी काय खाते ते घरी जाऊन आईला सांगतात. प्रोटीनचा मोठा डबा म्हणजे शेतात खुरपायला जाणाऱ्या बाईची आठवड्याभराची मजुरी. ‘ताई घेते म्हणून मलाही पाहिजे’ असा हट्ट धरला तर तो डबा कुणाच्या घामातून येणार हे मला पक्कं माहीत आहे. ताईला तो फुकट मिळतो, वर पैसेही मिळतात, हे त्या पोरीला आणि तिच्या बापाला कळलंच पाहिजे.

करार पीडीएफमध्ये आला, सगळा इंग्रजीत. मध्ये मुंबईची एक एजन्सी होती. माझा आतेभाऊ सांगलीला वकिली करतो, त्याच्यासमोर कागद ठेवला. मानधन, मुदत, दुसऱ्या कंपनीची पावडर न दाखवण्याची अट, हे सगळं ठीक होतं. सोबत जो ब्रीफ, म्हणजे व्हिडिओ कसा करायचा याच्या सूचनांचा कागद जोडला होता, तिथे दादा थांबला. त्यात लिहिलं होतं की व्हिडिओ जाहिरातीसारखा वाटता कामा नये, ‘पेड पार्टनरशिप’चा टॅग लावू नये, आणि हवंच असेल तर कॅप्शनच्या शेवटी हॅशटॅगांच्या रांगेत ‘कोलॅब’ टाकावं.

दादा म्हणाला, “हे सही करायचं नाही. आधी नियम वाच.”

मग मी नियम वाचायला बसले. मुंबईतली जाहिरात मानक परिषद, जिला सगळे ‘आस्की’ म्हणतात, तिचे इन्फ्लुएन्सरसाठीचे नियम १४ जून २०२१ पासून लागू आहेत. त्यानंतर ९ जून २०२२ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने सोशल मीडियासाठी वेगळी पुस्तिका दिली. त्या पुस्तिकेत लपवून चालणार नाही अशा संबंधांची यादी आहे: पैसे, फुकट वस्तू, सवलत, भेट, प्रवास, हॉटेलातला मुक्काम, पुरस्कार, एवढंच काय तर नातं किंवा नोकरीसुद्धा. म्हणजे पैसे न घेता नुसते डबे घेतले असते तरी सांगणं भागच होतं. एजन्सीवाले ज्याला ‘बार्टर’ म्हणतात तोही याच्यात येतो. पुष्कळ खेळाडूंचा इथेच गैरसमज असतो. त्यांना वाटतं, पैसे घेतले नाहीत तर ती जाहिरातच नाही.

खुलासा कुठे आणि कसा द्यायचा हेही स्पष्ट आहे. हॅशटॅगांच्या गर्दीत पुरायचा नाही. ‘आणखी वाचा’ दाबल्यावर दिसेल असा ठेवायचा नाही. फोटो असेल तर फोटोवरच लिहायचं. व्हिडिओत अक्षरांतही दाखवायचं आणि तोंडानेही सांगायचं. आस्कीने तर वेळही ठरवून दिली आहे: १५ सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओत ही जाहिरात आहे असं सांगणारी पट्टी किमान ३ सेकंद राहिली पाहिजे, आणि १५ सेकंद ते २ मिनिटांच्या व्हिडिओत एक तृतीयांश वेळ. पट्टी इंग्रजीत चालते, नाहीतर जाहिरातीच्या भाषेत.

जाहिरात खोटी किंवा दिशाभूल करणारी निघाली तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे जाहिरात करणाऱ्या व्यक्तीलाही १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा तसंच केलं तर ५० लाखांपर्यंत. शिवाय एक वर्ष, पुढच्या वेळी तीन वर्षं जाहिराती करायला बंदी येऊ शकते. दावे आधी नीट तपासून घेतल्याचं दाखवता आलं तरच सुटका.

एजन्सीच्या मॅडमना फोन लावला. बोलायला गोड होत्या, पण त्यांचं एकच पालुपद, टॅग लावला की रीच पडतो, म्हणजे व्हिडिओ कमी लोकांपर्यंत पोचतो. “मॅम, सगळे असंच करतात. तुम्ही नवीन आहात म्हणून तुम्हाला भीती वाटते.” मी त्यांना २०२१ मधली विराट कोहलीची गोष्ट सांगितली. टोकियो ऑलिम्पिकच्या वेळी त्याने एका खासगी विद्यापीठाच्या खेळाडूंचं कौतुक करणारी पोस्ट टाकली होती. ती पैसे घेऊन केल्याचं तिथे लिहिलेलं नव्हतं. आस्कीची नोटीस विद्यापीठाला गेली आणि कोहलीने पोस्टवर पार्टनरशिपचा टॅग लावला. देशातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला जो नियम लागू आहे, तो तालुक्याच्या तालमीतल्या पोरीलाही लागू आहे, असं मी म्हटलं. त्या जरा वेळ गप्प बसल्या आणि ‘क्लायंटला विचारते’ म्हणाल्या.

याच्या जोडीला माझी दुसरी अट होती, आणि खरं तर ती मला जास्त महत्त्वाची वाटत होती. नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्थेच्या, डोप चाचणीत शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. कुणी दिलं, कशातून आलं, हे सांगून निकाल बदलत नाही. पावडरमध्ये चुकून काही मिसळलेलं असलं तर कंपनीचा एक डबा परत येईल, माझी मात्र उमेदीची वर्षं जातील. म्हणून मी मागितलं की मला जो डबा येईल त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा तपासणी अहवाल पाहिजे. आधी त्यांनी जुन्या बॅचचं सर्टिफिकेट पाठवलं, छान रंगीत. मी डबा उलटा करून तळाला छापलेल्या नंबराचा फोटो काढला आणि परत पाठवला: हा नंबर आणि तो नंबर जुळत नाही. दोन्ही नंबर जुळल्यावरच मी झाकण उघडलं. तेव्हापासून प्रत्येक डब्यातली थोडी पावडर स्वच्छ पिशवीत सील करून, वर बॅच नंबर आणि तारीख लिहून कपाटात ठेवते. आमच्या वस्तादांना ही सवय फार पटली. आता तालमीतली पोरंही तसंच करतात.

ज्याचा स्वतः अनुभव घेतला नाही त्याची भलामण करायची नाही, असंही पुस्तिकेत आहे. म्हणून आधी काही आठवडे पावडर घेतली, मगच शूटिंग. त्यांच्या स्क्रिप्टमध्ये ‘पंधरा दिवसांत ताकद दुप्पट’ असं वाक्य होतं. ते सिद्ध करणारा कागद मागितला, तो आला नाही, वाक्य गेलं. त्याऐवजी मी माझ्या शब्दांत बोलले: सकाळच्या मेहनतीनंतर घेते, पचायला जड जात नाही, मी डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

शूटिंग तालमीच्या मॅटवरच केलं, धाकट्या भावाने मोबाईल धरला. पट्टी कुठे लावायची यावर आम्ही बराच वेळ घालवला, कारण ती लावूनही दिसत नाही अशा पुष्कळ जागा असतात. खाली लावली तर नाव आणि कॅप्शन तिच्यावर येतं. उजवीकडे लाईक-शेअरची बटणं. अगदी वरच्या कडेला लावली तर काही फोनवर कापली जाते. पांढरी अक्षरं निळ्या मॅटवर उठून दिसायची, पण मी पट काढायला, म्हणजे समोरचीचे पाय धरायला, वाकले की मागची चुन्याची भिंत यायची आणि अक्षरं भिंतीत मिसळून जायची. शेवटी काळ्या पट्टीवर पिवळी अक्षरं, डाव्या बाजूला, माझ्या खांद्याच्या उंचीवर: ‘जाहिरात’. व्हिडिओ ४५ सेकंदांचा होता, म्हणजे नियमाने १५ सेकंद पुरले असते. मी पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत ठेवली. कोण कुठल्या सेकंदाला बघायला लागेल ते सांगता येत नाही. पहिलं वाक्यही तेच: “या कंपनीने मला पैसे आणि डबे दिलेत, ही जाहिरात आहे.” कॅप्शनची पहिली ओळ तीच, आणि इन्स्टाग्रामचा पेड पार्टनरशिपचा टॅग वेगळा.

भावाने तो व्हिडिओ आईला दाखवला आणि काही न सांगता विचारलं, हे काय आहे? आई लगेच म्हणाली, “जाहिरात हाय की.” आमची चाचणी तिथेच संपली.

कंपनीने तो तसाच मंजूर केला. काही दिवसांनी एजन्सीकडून निरोप आला की मूळ व्हिडिओ काढून पट्टी नसलेला पुन्हा टाकता येईल का. मी लेखी नकार कळवला. त्या महिन्याचं मानधन रखडलं, दादाने कराराचं कलम लावून मेल केल्यावर आलं.

करही आहेच. जुलै २०२२ पासून असा नियम आहे की वर्षाला २०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू अशा कामासाठी मिळाल्या आणि तुम्ही ठेवून घेतल्या, तर त्यावर १० टक्के टीडीएस लागतो. डबे, बूट, घड्याळं सगळं यात आलं. आलेल्या प्रत्येक पार्सलची किंमत वहीत लिहून ठेवा.

कमेंटमध्ये एक-दोघांनी ‘विकली गेली’ असं लिहिलं. वाईट वाटलं, पण उत्तर दिलं नाही. बाकीच्यांनी चांगले प्रश्न विचारले. शिराळ्याकडच्या एका वडिलांनी मेसेज केला: “ताई, जाहिरात आहे ते कळलं. खरं सांगा, पोरगी तेरा वर्षांची आहे, घेऊ का?” मी लिहिलं, नको. दूध, अंडी, शेंगदाणे, डाळ पोटभर द्या, आणि त्याउपर काही द्यायचं तर डॉक्टरांना दाखवून. कंपनीला हे आवडणार नाही हे माहीत होतं. पण पट्टी लावली म्हणूनच तो माणूस एवढं मोकळेपणी विचारू शकला, आणि त्याला खरं उत्तर देणं मला सोपं गेलं.

आता गावातल्या डेअरीवाल्या काकांचं तूप दाखवायचं झालं तरी मी तशीच पट्टी लावते. काका पैसे देत नाहीत, तूप मात्र घरी पाठवतात. बेटिंग ॲपवाल्यांचे मेसेज येतात, ते उत्तर न देता ब्लॉक करते. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांची जाहिरात करणंच गुन्हा ठरवलं आहे, तिथे पट्टी लावूनही भागत नाही.

नव्या करारात दादाने एक कलम घातलंय: ‘प्रत्येक पोस्टवर जाहिरात असल्याचा ठळक खुलासा खेळाडू स्वतःच्या पद्धतीने देईल, तो काढण्यास किंवा झाकण्यास कंपनी सांगणार नाही, आणि त्या कारणावरून मानधन रोखणार नाही.’ दुसऱ्या तालमीतल्या पोरींनाही आता कंपन्यांचे मेसेज यायला लागलेत. त्या विचारतात तेव्हा मी हे कलम आणि बॅच नंबराची मागणी कशी लिहायची ते दोन्ही पाठवते.