इंटर्नशिपसाठी रेझ्युमे बनवताय? आधी वडिलांचं नाव काढा

सध्या थर्ड इयरच्या पोरापोरींचे रेझ्युमे व्हॉट्सॲपवर येतायत, "दादा जरा बघ ना", आणि उघडला की निम्म्यांमध्ये तोच माल. वडिलांचं नाव, जन्मतारीख, मॅरिटल स्टेटस, हॉबीमध्ये गाणी ऐकणे, शेवटी ते डिक्लेरेशन आणि त्याखाली सही. अरे तुम्हाला बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, इंटर्नशिप हवीय की स्थळं बघायचीयत? घरचा पत्ता पार सोसायटी, गल्ली, पिनकोडसकट कशाला, बडोदा लिहिलं की पुरे. आधार नंबर तर अजिबात नको. फोटो मागितला तरच.

एवढं काढलं की अर्धं पान मोकळं होतं, आणि ते सगळं प्रोजेक्टला द्यायचं, कारण कॉलेजच्या पोराकडे दाखवण्यासारखं तेवढंच असतं.

परवा मामेबहिणीचा बघत होतो. ती इलेक्ट्रॉनिक्सला आहे. प्रोजेक्टखाली एकच ओळ, "अर्डुइनो वापरून स्मार्ट इरिगेशन सिस्टीम", म्हणजे छोट्या प्रोग्रॅमेबल सर्किट बोर्डाने झाडांना आपोआप पाणी. म्हटलं हे तर वर्गातल्या दहा जणांकडे असेल, तू नक्की काय केलंस ते सांग. मग हळूहळू बाहेर आलं, गच्चीतल्या कुंड्यांना लावलं होतं, आधी मातीचा ओलावा मोजणारा तो दोन काट्यांचा स्वस्त मॉइश्चर सेन्सर घेतला, ओल्या मातीत करंट जाऊन जाऊन त्याच्या काट्यांवरचं तांबं खराब झालं आणि रीडिंग काहीच्या काही यायला लागलं, पंप मधेच चालू होऊन खालच्या काकूंच्या पापडांवर पाणी. मग तिने कपॅसिटिव्ह सेन्सर लावला, त्यात धातू मातीला टेकत नाही. अगं हेच तर लिहायचं! काकू सोडून. सेन्सर का बिघडला, काय बदललं, त्यानंतर काय झालं, तीन ओळी झाल्या, आणि इंटरव्ह्यू घेणारा यावरच बोट ठेवून विचारणार, तेव्हा ती बोलूही शकेल.

बाकी "हार्डवर्किंग", "टीम प्लेयर" वगैरे उडवा, आळशी आहे असं कोण लिहितं? आणि ते स्किलचे बार, पायथन ८० टक्के, म्हणजे कशाच्या ८० टक्के? ऑनलाइन टेम्प्लेटचे दोन कॉलम, आयकॉन दिसायला भारी असतात पण मोठ्या कंपन्यांमध्ये आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि त्याला दोन कॉलममधला मजकूर कधीकधी एकमेकांत मिसळून दिसतो, म्हणून साधा एक कॉलम, एक पान, पीडीएफ. दहावी-बारावीचे मार्क एका ओळीत राहू द्या, आपल्याकडे विचारतात अजून. फाइलला स्वतःचं नाव द्या, "फायनल न्यू टू" नको, समोरच्याकडे अशा ढीगभर फायनल पडलेल्या असतात.

आणि भाषा. आपल्या बडोद्याच्या मराठी पोरांना हे काही विशेष वाटतच नाही, घरी मराठी, रिक्षावाल्याशी गुजराती, हॉस्टेलच्या मित्रांशी हिंदी, लेक्चर इंग्लिशमध्ये, पण कारखान्यात शॉपफ्लोअरवर मशीन ऑपरेटरशी गुजराती-हिंदीत बोलून ड्रॉइंगचा घोळ निस्तरता येणं ही कामाची गोष्ट आहे, चारही लिहा. फक्त दहावीला संस्कृत होतं म्हणून तेही घुसवू नका, कोणीतरी श्लोक म्हणायला लावेल.