काय जमाना होता!

सिनेमा संपला आणि शेजारी बसलेली मैत्रीण म्हणाली, "काही म्हण, काय जमाना होता यार!"

'लास्ट नाइट इन सोहो' बघून हे? सकाळपासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

एडगर राइटने 2021च्या या सिनेमात साठच्या दशकातलं लंडन दाखवलंय मात्र देखणं. गुलाबी झग्यातली सँडी जिना उतरते आणि बाजूच्या आरशांत दिसते स्वप्नातून त्या काळात पोचलेली आजची मुलगी एलॉइज, झोपायच्या कपड्यांत. अंगावर काटा आला! पण गायिका व्हायला आलेल्या सँडीला तिचा मॅनेजर जॅक गिऱ्हाइकांपुढे ढकलतो, तेव्हाही लंडन तेच, तेवढंच झगमगतं.

'आमच्या वेळी' असं कौतुकाने सांगायचे ते आमचे आजोबा. आजीच्या तोंडून ते कधी ऐकल्याचं आठवत नाही. तुमच्या घरी?