बाबा थँक्यू म्हणाले

रविवार, रात्रीचे साडेअकरा

झोप येत नाहीये म्हणून लिहीत बसलोय. कारण सांगितलं तर कुणीही हसेल, मेघा मगाशी हसलीच. बाबा मला थँक्यू म्हणाले. बस एवढंच. सकाळी साताऱ्याला पोचल्या पोचल्या मी डबा उघडून पुढे केला, त्यांनी एक कुकी उचलली, चावली, बराच वेळ चावत राहिले (ती चावायला वेळ लागतोच, तो दोष माझा), वर पाणी प्यायले, म्हणाले "थँक्यू" आणि पेपर उघडला.

बेचाळीस वर्षांत हा माणूस मला थँक्यू म्हणालेला नाही. आमच्या घरात थँक्यू हे पोस्टमनसाठी असतं, गॅसवाल्यासाठी, बँकेत पासबुक भरून देणाऱ्या त्या मुलीसाठी. घरच्यांना नावं ठेवायची. आईच्या पुरणपोळीवर सुद्धा "जायफळ जरा पुढे आलंय" असं म्हणून मग तिसरी मागून घ्यायची. दादाने गाडी घेतली तेव्हा पहिलं वाक्य होतं की डिकी लहान आहे. दादाचा विषय आज नको.

मला वाटलं होतं ते काहीतरी बोलतील. कडक झाल्यात, कोरड्या आहेत, हे काय भुस्कट दिलंयस, काहीही. मी तर गाडीत खंबाटकी चढताना उत्तरं सुद्धा जुळवून ठेवलेली. आणि आलं काय, तर थँक्यू. मी जणू डिलिव्हरीवाला.

मागच्या महिन्यात रिपोर्ट आला, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर, 7.8. डॉक्टर म्हणाले गोड बंद, आणि प्रोटीन वाढवा, पायातली ताकद चाललीये. किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रोटीन लागतं, बाबा 62 किलोचे, म्हणजे साधारण 51 ग्रॅम, आणि हे गृहस्थ सकाळी बिनसाखरेचा चहा घेणार आणि त्यात चार ग्लुकोजची बिस्किटं बुडवणार. बिस्किट सोडा म्हटलं तर ऐकणार नाहीत, मग बिस्किटच बदलू असं माझ्या सुपीक डोक्यातून निघालं. तेव्हापासून चार रविवार मी ओटीजीसमोर, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनसमोर, पाटावर बसून काढलेत.

पहिल्या घाण्यात माझीच जिमची व्हे पावडर (दुधातलं प्रोटीन) घातली, दोन स्कूप. बाकी बिस्किटांसारखंच 180 वर बारा मिनिटं ठेवलं, तर बाहेर निघालं ते डस्टर. व्हे तापली की आवळते आणि कोरडी पडते, तिला आच कमी आणि वेळही कमी लागतो हे मला नंतर कळलं. चिनूने एक कुकी फरशीवर टाकून बघितली, तुटली नाही.

दुसऱ्या घाण्यात खजूर, चांगले पंधरा-सोळा, भिजवून वाटून. काय सुंदर झाल्या होत्या, रंग, वास, सगळं. डबा भरला आणि रात्री सहज खजुराच्या पाकिटाची मागची बाजू वाचली. जवळजवळ दोन तृतीयांश साखर! "नो ॲडेड शुगर" म्हणजे आपण वरून घातली नाही इतकंच, आत आहे ती आहेच. गुळाचं पण तेच, त्यामुळे कुणी कृपया "गूळ घाल ना" म्हणू नका. त्या सगळ्या कुकीज मी आणि चिनूने तीन दिवसांत संपवल्या.

मग साखर आणि खजूर दोन्ही काढून केल्या तर त्या ट्रेवर ठेवल्या तशाच बसून राहिल्या, पसरायलाच तयार नाहीत, पेढे नुसते. आणि पांढऱ्याफटक. साखर फक्त गोडीला असते असं मला आयुष्यभर वाटत होतं, पण ती वितळते म्हणून बिस्किट पसरतं, ती असते म्हणून तांबूस होतं, खुसखुशीत होतं. तिला काढलं की तिची सगळी कामं आपल्यालाच करावी लागतात.

आज नेला तो चौथा घाणा. 100 ग्रॅम डाळं बारीक दळून, 100 ग्रॅम भाजलेल्या दाण्यांचं कूट, 50 ग्रॅम ओट्स, दोन अंडी, तीन चमचे तूप, वेलदोडा, चिमूटभर मीठ, आणि खजूर मोजून चार. अर्धा तास फ्रीजमध्ये, मग लाडवासारखे वळून वाटीच्या बुडाने एकेक चेपलं, कडा चिरल्या की ओल्या बोटाने सारख्या केल्या आणि वरून काट्याचमच्याच्या रेघा ओढल्या, कारण नानकटाईला रेघा असायच्या. 160 वर अठरा मिनिटं. वीस झाल्या. हिशोब केला तर एका कुकीत तीन-सव्वातीन ग्रॅम प्रोटीन. म्हणजे बाबांचे 51 ग्रॅम भरायला सोळा कुकीज. एका उकडलेल्या अंड्यात 6 ग्रॅम असतं. मेघाने हे पहिल्याच रविवारी सांगितलं होतं, "अरे अंडं उकड ना सरळ." पण अंडं चहात बुडवता येतं का.

नानकटाईवरून आठवलं. दिवाळीच्या आधी आम्ही भट्टीवर जायचो. मैदा, रवा, पिठीसाखर, डालडा सगळं घरून न्यायचं, बाबांच्या सायकलवर मी मागे, मांडीवर पत्र्याचा डबा. तिथे नंबर लागायचा, आपल्या ट्रेवर आपल्या नावाची चिठ्ठी. काळ्या ट्रेमधून नानकटाई बाहेर आली की बाबा एक गरमच उचलून मोडायचे, अर्धी मला, आणि भट्टीवाल्याला म्हणायचे, मागच्या वेळी जास्त खुसखुशीत होती. तो हात पुसत म्हणायचा, साहेब, तूप तुमचंच आहे. दरवर्षी हाच डायलॉग. दोघांनाही मजा यायची असं आता वाटतं. तेव्हा मला लाज वाटायची, सगळ्या रांगेसमोर काय ते.

त्या भट्टीवाल्याला बाबा कधी थँक्यू म्हणाल्याचं आठवत नाही. म्हणजे तो सुद्धा घरातलाच धरला होता. आणि मी?

हे लिहिल्यावर मलाच कसंतरी झालं, डोळेबिळे भरून आले, मग पाणी पिऊन आलो.

परत येऊन वरचं सगळं वाचलं. डबा पुढे करताना मी काय म्हणालो ते मी वर लिहिलेलंच नाहीये. मी म्हणालो होतो, "बाबा, ही तुमची बिस्किटं हं, सकाळी दोन, संध्याकाळी दोन, जास्त नाही." आणि वर "घ्या बरं, छान चावून खा." वॉर्डातली सिस्टर बोलते तो सूर. हा सूर मला कधी लागला देव जाणे, रिपोर्टनंतर असेल. जेवतानाही म्हणालो, "वा, आज वरण संपवलंत." चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला! तर सिस्टरला काय म्हणतात? थँक्यूच म्हणतात. बरोबर आहे त्यांचं.

असो. चार रविवार गेले, लाइट बिल येईल तेव्हा बघू.

बुधवार

आईचा फोन होता. डबा परत कधी नेतोस, मला चकली पाठवायचीये. मी विचारलं बाबा खातायत का, तर म्हणाली खातात, चहात बुडवून, पण तळाशी गाळ बसतो म्हणून कपबशी मला विसळायला लावतात. मागून बाबांचा आवाज, फोन हातात घ्यायचा नाही, लांबूनच ओरडायचं: "त्याला म्हणावं दाण्याची सालं काढत जा! कवळीखाली जातात! आणि वेलदोडा काय रेशनवर आणतो का?"

आत्ता दाणे भाजून दोन्ही तळव्यांत चोळत बसलोय. पाखडताना पंखा बंद करायचा राहिला, सोफ्यावर, टीव्हीवर, चिनूच्या गृहपाठाच्या वहीवर सगळीकडे सालं, आणि मेघा दारात झाडू घेऊन उभी आहे, अजून काही बोललेली नाही.