पुरात बुडालेली फियाट पुन्हा रोजच्या वापरात आणताना

वडिलांनी १९७१ साली घेतलेली आमची फियाट ११०० डिलाइट ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या गावभागातल्या घराखाली सहा दिवस पाण्यात होती. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ च्या पुरात पाणी आमच्या तिसऱ्या पायरीवर थांबले होते. त्या आठवणीवर विसंबून आम्ही गाडी हलवली नाही, आणि हलवायचे ठरवले तेव्हा गल्लीत कमरेइतके पाणी होते. फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या काळात वडिलांनी ती मिळवली होती, त्यामुळे भंगारात देण्याचा विचार मनाला शिवला नाही. परंतु ती पुसून-रंगवून दारात शोभेला ठेवावी, असेही मला वाटत नव्हते. मी मिरजेच्या शाळेत शिकवतो आणि याच गाडीने रोज शाळेत जायचे, हे मी पहिल्याच आठवड्यात ठरवले. पुढचे बहुतेक निर्णय त्या एका ठरवण्यातून झाले.

सुरुवात मात्र वाईट झाली. पाणी ओसरल्यावर आठवडाभरात शहरातल्या एका गॅरेजमध्ये गाडी ओढून नेली. तिथे इंजिन उघडून न पाहताच ती गिअरमध्ये टाकून धक्का मारण्यात आला. सिलिंडरमध्ये साठलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. पिस्टन वर येताना त्यावर आदळतो आणि सगळा जोर पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे कनेक्टिंग रॉडवर येतो. आमचा एक रॉड वाकला. पुरातून निघालेल्या कोणत्याही गाडीची चावी फिरवू नये, आधी बॅटरीची वायर काढावी, मग सर्व प्लग काढून क्रँक हाताने फिरवत सिलिंडरमधले पाणी बाहेर काढावे, तेल बदलावे आणि मगच पुढचा विचार करावा, हे मला त्यानंतर मिरजेच्या वयस्कर मिस्त्रींनी सांगितले. त्यांना सगळे चाचा म्हणतात. गाडीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, “सर, इंजिनाचं आपण बघून घेऊ. आधी पत्रा बघू द्या.”

त्या वाक्याचा अर्थ मला काही महिन्यांनी नीट कळला. जीपसारखी वेगळी चेसिस, म्हणजे खालची स्वतंत्र लोखंडी चौकट, या गाडीला नसते. तळाचा पत्रा, दरवाजांखालच्या पेटीसारख्या पोकळ पट्ट्या आणि खांब मिळूनच गाडीचा सांगाडा होतो. कृष्णेचा गाळ अत्यंत बारीक असतो. तो या पोकळ्यांत शिरला, वाळून कडक झाला आणि ओल धरून पत्रा आतून खात राहिला. बाहेरून साधी रंगाची फुगवटी दिसणाऱ्या जागी चाचांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला आणि तो आरपार गेला. अशा जागी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून वर रंग मारणारे कारागीर पुष्कळ भेटतात, आणि गाडी दिसतेही सुरेख. पण अपघात झाला तर त्या लांबीचा काही उपयोग नाही. आम्ही दोन्ही बाजूंच्या पट्ट्या कापून काढल्या, आतला गाळ पाण्याच्या दाबाने धुतला, नवा पत्रा वाकवून वेल्ड केला आणि पोकळीत गंजरोधक मेण फवारले. कापण्यापूर्वी दरवाजांच्या चौकटींना आतून आडवे पाइप जोडावे लागले, अन्यथा सांगाडा खचून दरवाजे पुन्हा बसले नसते. एकूण खर्चातला सर्वांत मोठा वाटा या कामावर गेला, आणि त्यातले आज डोळ्यांना काहीच दिसत नाही.

मध्ये करोनाचे वर्ष गेले. जुलै २०२१ मध्ये सांगलीत पुन्हा पूर आला, तेव्हा सुदैवाने गाडीचा सांगाडा मिरजेला चाचांच्या शेडमध्ये होता.

इंजिन बदलावे, असे अनेकांनी सुचवले. मी ते टाळले, कारण इंजिन बदलायचे तर आरटीओची परवानगी आणि नोंदणीपुस्तकात फेरफार आला, आणि मुळात आमचा ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग, शाबूत होता. ६८ मिलिमीटर व्यासाचे आणि ७५ मिलिमीटर धावेचे चार सिलिंडर, म्हणजे १०८९ सीसीचे हे साधे इंजिन आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ब्लॉक बोअर करून घेतला, क्रँक घासून घेतला, हेडचे फेसिंग केले. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात दीर्घकाळ बनत राहिली आणि टॅक्सी म्हणून हजारोंनी धावली, म्हणूनच ओव्हरसाइज पिस्टन, व्हॉल्व्ह आणि क्लच प्लेट अजून मिळतात. काही भाग मुंबईतल्या ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून, काही पुण्याच्या जुन्या बाजारातून आणले. इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या डिफरन्शियलमधून मात्र पाणी मिसळून ताकासारखे पांढरट झालेले तेल निघाले. तिथले बेअरिंग सगळे बदलावे लागले.

ब्रेकबाबत मी कोणतीही तडजोड केली नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि सगळ्यांची ब्रेक-तेलाची नळी एकच आहे. ती एका जागी फुटली तर पॅडल तळाला जाते आणि एकही चाक थांबत नाही. म्हणून मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, होज आणि नळ्या, एकही जुनी वस्तू न ठेवता, नव्या घातल्या. वायरिंगही पूर्ण नवे केले, कारण पुराचे पाणी तारेच्या प्लास्टिकखाली शिरून तांबे हिरवे पडते आणि बिघाड वर्षभराने रात्रीच्या प्रवासात उद्भवतो. डायनामोच्या जागी अल्टरनेटर बसवला, हेडलाइटला रिले दिले, पुढे सीटबेल्ट लावले आणि रेडिएटरमागे विजेचा पंखा जोडला. हे मूळ गाडीत नव्हते, याची मला जाणीव आहे; तरीही मिरज रस्त्यावरच्या दुपारच्या गर्दीत मूळपणापेक्षा थंड इंजिन आणि चालू दिवे महत्त्वाचे वाटतात.

कागदपत्रांच्या वेळी एक मोह झाला. २०२१ च्या नव्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाडीला विंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळू शकतो. तो दिसायला मानाचा असला तरी तशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मला रोज शाळेत जायचे होते, त्यामुळे मी नेहमीच्या नोंदणीचेच पाच वर्षांसाठी नूतनीकरण केले. एप्रिल २०२२ पासून त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले होते, शिवाय पर्यावरण कर वेगळा. तपासणीत चेसिस क्रमांकाची छाप घेतात. गंजामुळे आमचे दोन आकडे पुसट झाले होते. ते ग्राइंडरने साफ करायचे नाहीत, मऊ ब्रश आणि रॉकेलने हळूहळू उघडे करायचे, ही चाचांची सूचना मी तंतोतंत पाळली आणि छाप स्पष्ट उठली.

रंग सर्वांत शेवटी दिला, मूळचाच फिकट राखाडी. २०२२ च्या दिवाळीपासून गाडी रोज धावते. ताशी साठच्या आसपास ती समाधानाने चालते आणि लिटरला बारा-तेरा किलोमीटर देते. पेट्रोलमधल्या इथेनॉलचे प्रमाण वाढल्यावर गाडीतल्या इंधन-पंपाचा पडदा आणि रबरी नळ्या फुगू लागल्या, तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या टाकल्या. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते आणि टाकीच्या पत्र्याला ते मानवत नाही, म्हणून टाकी फार काळ अर्धी रिकामी ठेवत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या उसापासूनच ते तयार होते, तेव्हा त्याच्याशी जुळवून घेणे भागच आहे.

जून लागला की मी आयर्विन पुलाची पातळी सकाळ-संध्याकाळ पाहतो. ती ३५ फुटांवर गेली की कोणाची वाट न पाहता गाडी विश्रामबागेत मेहुण्यांच्या अंगणात नेऊन उभी करतो, बॅटरीची वायर काढतो आणि चालत किंवा रिक्षाने घरी येतो.