बंधन एकाचे, संरक्षण सर्वांचे

न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकीण म्हणून काम करणाऱ्या मेरी मॅलनला टायफॉइडचा कसलाही त्रास नव्हता, परंतु तिच्या शरीरात त्या रोगाचे जंतू होते आणि ती ज्या घरांत काम करी तेथील माणसे आजारी पडत. १९०७ मध्ये तिला नॉर्थ ब्रदर बेटावर एकांतवासात ठेवण्यात आले. पुन्हा स्वयंपाक करणार नाही, या अटीवर १९१० मध्ये तिची सुटका झाली. मात्र कपडे धुण्याच्या कामात पूर्वीइतकी मिळकत नव्हती, आणि काही काळाने नाव बदलून ती स्वयंपाकाकडेच वळली. १९१५ मध्ये एका प्रसूती रुग्णालयात साथ पसरल्यावर तिला पुन्हा पकडले गेले आणि १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती बंदिवासातच राहिली. तिच्या हट्टाला दोष देऊन थांबणे मला पटत नाही. टायफॉइडचे जंतू बाळगणारे इतरही लोक त्या शहरात आढळले होते आणि त्यांना असे जन्मभर कोंडले गेले नाही.

तरीही निर्बंधच नकोत, ही भूमिका मला मान्य नाही. स्वतःच्या प्रकृतीबाबत धोका पत्करण्याचा अधिकार प्रौढ माणसाला असावा. पण गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतो, तेव्हा तो धोका त्याच्यापुरता राहत नाही. सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये प्रतिकारशक्ती असेल तरच गोवराचा फैलाव थांबतो, आणि लसीच्या वयाची न झालेली तान्ही बाळे व कर्करोगावरील उपचारांमुळे ही लस घेऊ न शकणारे रुग्ण त्यावरच विसंबून असतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०५ मध्ये जेकबसन खटल्यात देवीच्या लसीची सक्ती वैध ठरवली, तेव्हा नकाराबद्दलची शिक्षा केवळ पाच डॉलर दंडाची होती. हे प्रमाण मला महत्त्वाचे वाटते.

नागरी हक्कांवर सरकारने कधी व कसे निर्बंध घालावेत हे सांगणाऱ्या १९८४ च्या आंतरराष्ट्रीय सिराक्युसा तत्त्वांनुसार निर्बंधाला कायद्याचा आधार असावा, तो खरोखर आवश्यक असावा आणि कमी जाचक उपाय पुरेसा असेल तर तोच योजावा. माझ्या मते याला आणखी एका जबाबदारीची जोड हवी: ज्याच्या घरी बसण्याने सर्वांचे रक्षण होते, त्याचे नुकसान सर्वांनी मिळून भरून द्यावे. संसर्गाची शक्यता ओसरेपर्यंत कामावर येऊ नका, असा आदेश क्षयरुग्णाच्या हाती देताना त्याच कागदावर त्याची बुडणारी मजुरी, नोकरी टिकण्याची हमी आणि आदेशाच्या फेरविचाराची तारीख लिहिलेली असावी.