पांढरी चार

"दादा, गंधार खरखरतोय." शनिवारी दुकानाची पायरी चढता चढताच मास्तरांनी दुखणं सांगून टाकलं. वहिनींनी त्यांच्या गळ्यातला पट्टा सोडवला आणि हार्मोनियमची पेटी माझ्यासमोर ठेवली.

कल्याणला माझं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. मास्तर कर्जतच्या लोकलमध्ये गातात. जन्मापासून त्यांना दिसत नाही. वहिनींना एका डोळ्यानं उजेड आणि आकार कळतात, तेवढ्यावर त्या दोघांना गर्दीतून वाट काढून देतात आणि टाळही धरतात. मी त्यांना मास्तर म्हणतो, कारण ताना न घेता अभंग कसा सरळ म्हणायचा हे मी त्यांच्याकडून शिकलो.

वरची फळी काढली. मधल्या सप्तकातली सहावी पांढरी पट्टी, म्हणजे पांढरी सहा वाजवली, तर सुरातून माशी घोंगावल्यासारखा आवाज. मास्तर गाडीत पांढरी चारला षड्ज (सा) लावतात, म्हणजे गंधार (ग) येतो पांढरी सहावर, आणि त्यांची निम्मी गाणी गंधारावर विसावणारी. साहजिकच सगळा मार त्या एका सुरावर. पितळी सुराच्या, म्हणजे रीडच्या, जिभेखाली काळी भुकटी साचली होती. ही घरातली धूळ नव्हे. रुळांची आणि ब्रेकची लोखंडी भुकटी भात्यातून आत ओढली जाते आणि घामाच्या ओलाव्यानं चिकटून बसते. पातळ कागदाची पट्टी जिभेखालून दोनदा सरकवली, खरखर गेली. पण स्वर किंचित उतरलेला होता. जिभेच्या टोकाला अगदी हलकी कानस लावली की स्वर चढतो, मुळाशी लावली की उतरतो. इथे हात जड पडला तर सूरच बाद होतो, म्हणून अशा वेळी मी गिऱ्हाइकाशी बोलत नाही.

घरी मास्तर काळी एकात गातात, तो त्यांचा खरा स्वर. गाडीत मात्र चढ्या पट्टीत. डब्याची घरघर खालच्या स्वरांना गिळून टाकते, वरचा आवाज तेवढा तिच्यातून पार निघतो. त्यासाठी रोज पहाटे तासभर खर्जाचा, म्हणजे खालच्या स्वरांचा, रियाज करतात, नाहीतर चढ्या पट्टीत चार तास गाऊन गळा महिन्याभरात बसेल. काम साडेदहा ते चार. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत पेटीला जागाच नसते.

हे एवढं सविस्तर लिहितोय त्याला कारण आहे. परवा दुकानात बसलेले एक गृहस्थ मास्तर गेल्यावर म्हणाले, "गाण्याच्या नावाखाली भीकच की." मला फार लागलं ते. दुर्दैव असं की कायदाही तेच म्हणतो. मुंबईचा भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा. त्यात भीक मागण्याची व्याख्या दिली आहे: सार्वजनिक जागी पैसे मागणं किंवा घेणं, मग ते गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून दाखवणं अशा कुठल्याही बहाण्यानं असो. पहिल्यांदा दोषी ठरलात तर किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं डांबून ठेवता येतं. शिवाय गाडीत भीक मागायला मनाई करणारं १९८९ च्या रेल्वे कायद्यातलं १४४ वं कलम आहेच. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ साली या भीक कायद्यातली मुख्य कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरती.

बहाणा! माझ्याकडे क्लासच्या मुलांच्या पेट्या दोन-तीन वर्षांनी येतात. कीर्तनकारांच्या वर्षाकाठी एकदा. मास्तरांची पेटी दर चार महिन्यांनी येते. पांढरी चार आणि सहा या पट्ट्यांना बोटांनी खळगे पडलेत, डाव्या अंगाचं लाकूड डब्यातल्या खांबांना घासून गोल झालंय. कोण किती काम करतं, ते पेटी उघडली की मला दिसतं.

विष्णु दिगंबर पलुस्करांची लहानपणी फटाक्यानं दृष्टी अधू झाली, म्हणून ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेले. पुढे त्यांनीच तिकीट लावून लोकांपुढे गाण्याची वाट पाडली आणि १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाण्याचे पैसे मानानं घेता येतात हे त्यांनी दाखवून दिलं. मास्तरांचं तिकीट ऐकणारा स्वतः ठरवतो, फरक तेवढाच.

मास्तर राहतात वांगणीला. बदलापूरच्या पुढचं स्टेशन. भाडी परवडतात आणि गाडी थेट मिळते, म्हणून अंध माणसांची कितीतरी कुटुंबं तिथे स्थायिक झाली आहेत. एप्रिल २०२१ मध्ये फलाटावरून रुळावर पडलेल्या मुलाला रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके यांनी धावत जाऊन वाचवलं, ते हेच वांगणी. त्या मुलाच्या आईलाही दिसत नव्हतं.

ही पेटी मास्तरांनी २०१४ साली माझ्याकडूनच घेतली. जुनी होती, पण सूर गुजरातेतल्या पालिताण्याचे, खर्ज-नर जोड, म्हणजे प्रत्येक पट्टीला एक खालचा आणि एक मधला असे दोन सूर. सहा हजार ठरले, आठवड्याला दोनशे. दर शनिवारी रुमालात बांधलेली नाणी यायची, एकाची वेगळी, दोनाची वेगळी, पाचाची वेगळी. एकही शनिवार चुकला नाही. पेटी फिटली, मग मुलीची शाळा, मग भाड्याच्या खोलीची अनामत. आज मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. श्रीमंती नव्हे ही, पण उद्याची चूल पेटेल का हा घोर त्या घरातून गेलाय.

एकदाच तो घोर परत आला होता. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. सर्वसामान्यांना, तेही दोन डोस घेतलेल्यांना, पूर्ण वेळ गाडी खुली झाली १५ ऑगस्ट २०२१ ला. मधल्या काळात मास्तरांनी फोन करून पेटी परत घ्या म्हणून विचारलं होतं. मी नाही म्हणालो आणि जमेल तेवढे पैसे पाठवले. ते उसने होते असं त्यांनीच ठरवलं आणि २०२२ च्या दिवाळीआधी फेडले.

तर, त्या शनिवारचं काम झालं. मास्तरांनी भाता भरून सारेगम केलं, गंधारावर थांबले, मान हलवली. मी दीडशे सांगितले. हल्ली वहिनींच्या गळ्यात क्यूआर कोडची पाटी असते, तरी माझे पैसे ते रोखच देतात. वीसची बारा कोनी नाणी अंगठ्यानं चाचपत सात मोजली, वर दहाचं एक.

पट्टा गळ्यात घालताना त्यांनी सहज वरचा षड्ज दाबला. पुन्हा दाबला. मला काही वावगं वाटलं नाही, खरंच. कान जवळ नेल्यावर कळलं, जोडीतला एक सूर केसभर हलला होता.

"कर्जत जाईल," वहिनी म्हणाल्या.

"पुढची धरू," म्हणत मास्तरांनी पेटी पुन्हा गळ्यातून काढली.