ग्राइंडरवर उगाच आळ घेतला

प्रवासाला निघालो तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि कॉफीचा संसार जास्त होता. हँड ग्राइंडर, एरोप्रेस (प्लंजर दाबून कॉफी गाळायची नळी), इवलासा वजनकाटा, आणि बीन्स तेच जे घरी रोज वापरतो, इथिओपियाचे वॉश्ड (फळाचा गर धुवून काढलेले), लाइट रोस्ट म्हणजे हलके भाजलेले. घरी व्ही६० वर (पाणी वरून ओतायचं शंकूसारखं गाळणं) केले की लिंबाच्या सालीसारखा वास येतो आणि कप कोमट होत आला की अजूनच छान लागतं. तर पहिल्याच सकाळी कपात काय आलं, खडू! अक्षरशः खडू भिजवून प्यायल्यासारखं, आंबटपणाचा मागमूस नाही.

संशय अर्थातच ग्राइंडरवर. प्रवासात आदळून बर (आतली दळायची दाती) हलले असणार म्हणून सगळा उघडला, ब्रशने झाडला, परत जोडला. दोन क्लिक बारीक केलं तर कडू, जाड केलं तर पाणचट, आणि खडू दोन्हीकडे आहेच. १५-१५ ग्रॅमच्या तीन खेपा सिंकमध्ये गेल्या आणि दळून दळून हाताला रग लागली ती वेगळीच. शेवटी वैतागून केटल धुवायला घेतली तर तळाला पांढरा थर, नखाने खरवडला तर पापुद्राच निघाला हातात. म्हणजे दोष पाण्याचा, इथलं पाणी कठीण, क्षारांनी भरलेलं.

आता गंमत अशी की ब्लॅक फिल्टर कॉफीत ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं हे मला तोंडपाठ होतं, चार लोकांना ऐकवून पण झालं होतं 😀 अशा कठीण पाण्यात बायकार्बोनेट जास्त असतं आणि ते कॉफीतली आम्लता मारून टाकतं, आपण पित्तावर गोळी घेतो ना, तोच प्रकार कपात. पण म्हणून सगळे क्षार काढलेलं पाणी घ्यावं तर तेही चालत नाही, थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतंच नाहीतर चव नीट उतरत नाही. स्पेशालिटी कॉफीवाल्यांच्या पाण्याच्या मानकात टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) लिटरला १५० मिलिग्रॅम धरलाय आणि ७५ ते २५० पर्यंत चालवून घेतलंय, पण नुसता टीडीएस बघून बायकार्बोनेट किती ते कळत नाही, त्यामुळे मीटर घेऊन फिरणाऱ्यांनी फार खूश होऊ नये (मी फिरलोय).

दुसऱ्या दिवशी दुकानात उभा राहून बाटल्यांची लेबलं वाचली, बायकार्बोनेट सगळ्यात कमी असलेली उचलली. १५ ग्रॅम कॉफीला २४० ग्रॅम पाणी, बाकी काहीही बदललं नाही. प्लंजर दाबतानाच वास आला, लिंबाची साल!

उंचावर जाणार असाल तर आणखी एक भानगड, दर ३०० मीटरला पाणी साधारण एक अंश आधीच उकळतं, म्हणजे १,५०० मीटरवर ९५ लाच. तिथे लाइट रोस्टवर उकळतं पाणी सरळ ओतायचं, गार व्हायची वाट बघत बसायचं नाही.

कॅफेत प्यायलेली कॉफी भारी लागली म्हणून तेच बीन्स घरी आणले आणि पोपट झाला, असं माझं किती वेळा झालंय. मी मनातल्या मनात रोस्टरला (बीन्स भाजून विकणाऱ्याला) शिव्या घालायचो की आपल्याला जुना माल चिकटवला. आता आधी बरिस्ताला, म्हणजे कॅफेत कॉफी बनवणाऱ्याला विचारतो, पाणी कुठलं वापरता? काहीजण खुलतात आणि फिल्टरपासून सगळं सांगत बसतात, काहीजण असं बघतात की मी बिल चुकवायला आलोय. एस्प्रेसो मात्र मी कॅफेतच पितो, घरी तो ९ बारचा दाब आणि रोज सकाळी डायल-इन करत (दळण, वजन जुळवत) बसणं आपल्याला झेपणार नाही.

आणि हो, घरी येऊन बॅग उपसली तर पाऊचच्या तळाशी एक बारीक वॉशर सापडला. कुठे बसतो ते अजून कळलेलं नाही, ग्राइंडर मात्र तेव्हापासून खुळखुळतोय.